चोवीस किलोबाइटमधलं गोल्फ

आजचा विषय जाहीर झाला तेव्हा काही जणांनी विचारलं, इतिहासाच्या व्याख्यानात व्हिडिओ गेम कशाला? आणि तोही गोल्फचा? प्रश्न रास्त आहे. आमचं उत्तर असं, की आपण गड-किल्ल्यांचा इतिहास सांगताना लढाया सांगतो, पण तो तट कोणी बांधला, दगड कसा बसवला, चुना कसा मळला हे सहसा सांगत नाही. बांधणाऱ्याचं नाव दगडावर नसतं. आज ज्या खेळाबद्दल बोलायचं आहे, त्यावरही बनवणाऱ्याचं नाव नाही. पण तो कोणी बनवला हे आपल्याला ठाऊक आहे, आणि तो माणूस गेल्यावर त्या खेळाचं पुढे काय झालं, हेही ठाऊक आहे. अशी संधी इतिहासात फार वेळा मिळत नाही.

खेळाचं नाव साधंच आहे, 'गोल्फ'. कंपनी जपानमधल्या क्योतोची, निन्टेंडो. तारीख १ मे १९८४. यंत्र फॅमिकॉम, म्हणजे घरच्या टीव्हीला जोडून खेळायचा संच.

आधी गोल्फविषयी थोडं बोलू. गोल्फला जागा लागते. क्रिकेटला एक मैदान पुरतं, गोल्फला अठरा होल लागतात आणि प्रत्येक होल म्हणजे काही शे यार्डांचा हिरवा पट्टा. जपान डोंगराळ देश. सपाट जमीन थोडी, माणसं दाट. त्यामुळे १९८०च्या दशकात तिथे गोल्फ हा खेळ कमी आणि प्रतिष्ठा जास्त असा प्रकार झाला होता. क्लबांची सभासदत्वं शेअरसारखी विकली-घेतली जात. नावाजलेल्या क्लबाचं सभासदत्व कोट्यवधी येनांना जाई. नोकरदार माणूस काय करायचा? शहरातल्या दोन-तीन मजली, जाळीनं वेढलेल्या सरावाच्या जागेत जायचा आणि जाळीवर चेंडू मारून घरी परतायचा. गोल्फ येणारी माणसं भरपूर, गोल्फ कोर्सवर वरचेवर जाऊ शकणारी थोडी, असा तो समाज होता. तेव्हा दिवाणखान्यातल्या टीव्हीवर अठरा होल आणून देणं ही नुसती मुलांची करमणूक नव्हती. त्या घरातल्या बापालाही ते हवंसं वाटणार होतं.

टीव्हीवर गोल्फ याआधी आलं नव्हतं असं नाही. अमेरिकेत अटारी २६०० या संचासाठी १९८० मध्ये गोल्फ निघालं होतं. त्यात नऊ होल होते. त्या संचाची तात्पुरती स्मृती अवघी १२८ बाइट. त्याच सुमारास इंटेलिव्हिजन या संचावरही नऊ होलांचं गोल्फ आलं. जपानच्या आर्केडमध्ये ताइतो कंपनीचं 'बर्डी किंग' १९८२ मध्ये आलं, त्यात हातानं गरगर फिरवायचा गोळा होता. म्हणजे कल्पना नवी नव्हती. पण घरच्या संचावर पुरे अठरा होल, आणि फटका मारताना हातात काही कसब असल्याची जाणीव, या दोन गोष्टी बाकी होत्या.

आता फॅमिकॉमकडे येऊ. हा संच १५ जुलै १९८३ रोजी जपानमध्ये विक्रीला आला, किंमत १४,८०० येन. निन्टेंडो ही १८८९ साली सुरू झालेली, मुळात हनाफुडा नावाचे पत्ते करणारी कंपनी. घरोघरी काय खेळतात हे तिला चांगलं माहीत होतं. म्हणून सुरुवातीच्या खेळांची यादी पाहिली तर त्यात माजाँग आहे, बेसबॉल आहे, टेनिस आहे. सगळ्यांना आधीच येणारे खेळ. नियम शिकवायची गरज नाही. त्या यादीत गोल्फ हवंच होतं. अडचण अशी, की ते करायला कोणी पुढे येईना.

इथे आपल्या गोष्टीतला माणूस येतो. सातोरू इवाता. जन्म ६ डिसेंबर १९५९, सापोरो. वडील मुरोरान शहराचे महापौर होते. मुलगा शाळेत असताना ह्यूलेट-पॅकार्डच्या प्रोग्राम करता येणाऱ्या कॅल्क्युलेटरवर बेसबॉलचा खेळ लिहायचा आणि शेजारच्या बाकावरच्या मित्राला दाखवायचा. कॅल्क्युलेटरवर बेसबॉल म्हणजे काय, नुसते आकडे! पण मित्र हसायचा आणि ह्याला तेवढं पुरायचं. पुढे तोक्योच्या तंत्रज्ञान संस्थेत शिकायला गेल्यावर तो एका मोठ्या दुकानाच्या संगणक विभागात घुटमळू लागला. तिथे जमणाऱ्या टोळक्यातून १९८० मध्ये एक छोटी कंपनी उभी राहिली, हॅल लॅबोरेटरी. नावाची गंमत बघा. आयबीएम या तिन्ही अक्षरांच्या एकेक पाऊल आधीची इंग्रजी अक्षरं घेतली की एच, ए, एल होतात. आपण मोठ्या कंपनीच्या एक पाऊल पुढे, असा त्या पोरांचा आव. पदवी घेतल्यावर इवाता तिथेच पूर्णवेळ लागला. मोजकी चार-पाच माणसं असलेल्या, कोणी नाव न ऐकलेल्या कंपनीत! वडील जवळजवळ सहा महिने त्याच्याशी धड बोलले नाहीत. आपल्याकडच्या घरांतही हे दृश्य अनोळखी नाही.

फॅमिकॉमचा मेंदू ६५०२ या जातीच्या चिपवर बेतलेला होता. इवाताला ती चिप कमोडोर कंपनीच्या संगणकामुळे पाठ होती. जपानमध्ये त्या काळी बहुतेकांचा हात दुसऱ्या चिपवर बसलेला, आणि हा पंचविशीच्या आतला मुलगा ६५०२ जाणणारा. निन्टेंडोचं काम हॅलकडे येऊ लागलं त्यामागे हे एक मोठं कारण होतं. गोल्फच्या बाबतीत इवातानं पुढे एका मुलाखतीत सांगितलं, की हे काम दुसरं कोणी घ्यायला तयार नव्हतं, कारण अठरा होल त्या स्मृतीत मावणार नाहीत असा सर्वांचा हिशेब होता. हा मात्र 'मी करतो' म्हणून बसला.

तो हिशेब काय होता, आपणही करून पाहू. वही-पेन लागणार नाही.

'गोल्फ'च्या कार्ट्रिजमध्ये एकूण २४ किलोबाइट होते. त्यांतले ८ चित्रांच्या तुकड्यांसाठी आणि १६ बाकी सगळ्यासाठी. बाकी सगळं म्हणजे नियम, चेंडूचं उडणं, वारा, गुणांकन, आवाज आणि अठराच्या अठरा होलांचे नकाशे. आज आपल्या मोबाइलमधला ३ मेगाबाइटचा एक फोटो घ्या. त्यात असे शंभराहून जास्त खेळ मावतील.

फॅमिकॉमचा पडदा लहान चौकोनी फरशांनी बनतो. आडव्या ३२, उभ्या ३०, म्हणजे ९६० फरशा. कुठे कोणती फरशी बसवायची हे लिहायला प्रत्येकी एक बाइट. म्हणजे एक पूर्ण पडदा झाला ९६० बाइटचा. त्याला अठरानं गुणा, १७,२८० येतात. आणि आपल्याकडे १६ किलोबाइट, म्हणजे १६,३८४. नुसते नकाशेच घरात मावत नाहीत, बिऱ्हाड कुठे ठेवणार? बरं, होलचा नकाशा पूर्ण पडदा घेत नाही, साधारण अर्धा धरू. तरी अर्धी जागा गेली. शिवाय चेंडू हिरवळीवर पोचला की ती हिरवळ मोठी होऊन दिसते, उतार कुठे आहे ते बाणांनी कळतं. त्याला आणखी जागा. म्हणून 'मावत नाही' म्हणणारे लोक चुकीचे नव्हते. सरळ रस्त्यानं जाणाऱ्याला ते खरंच अशक्य होतं.

इवातानं नकाशे दाबून बसवायची स्वतःची पद्धत तयार केली. अशा पद्धतींचं मूळ तत्त्व आपल्या घरात रोज वापरात असतं. वाणसामानाच्या यादीत आपण 'नारळ, नारळ, नारळ, नारळ, नारळ' असं लिहीत नाही, 'नारळ ५' लिहितो. गोल्फच्या नकाशात झाडं ओळीनं असतात, गवत सलग असतं, वाळूचे खड्डे एकमेकांसारखे असतात. जे पुन्हा पुन्हा येतं ते एकदाच लिहायचं आणि किती वेळा ते सांगायचं. ऐकायला सोपं आहे. पण दाबलेलं उलगडायलाही प्रोग्राम लागतो आणि तो प्रोग्रामही त्याच सोळा किलोबाइटात राहायला येतो. वाचवलेली जागा उलगडणाऱ्यानंच खाल्ली तर उपयोग काय? ती तोलाची कसरत होती.

आणखी एक अडचण. ६५०२ या चिपला गुणाकार येत नाही. खरंच येत नाही. बेरीज, वजाबाकी, आकडा दुप्पट-निमपट करणं, एवढंच. भागाकार नाही, दशांश अपूर्णांक नाहीत. आणि चेंडू तर हवेतून वक्र रेषेत जायला हवा, वाऱ्यानं ढळायला हवा, उतारावर घरंगळायला हवा. हे सगळं बेरजा-वजाबाक्यांतून उभं करायचं, तेही २ किलोबाइट तात्पुरत्या स्मृतीत. प्रोग्राम लिहिणारा माणूस एकच होता.

आता खेळणाऱ्याच्या बाजूनं पाहू. या व्याख्यानाच्या तयारीसाठी आम्ही तो खेळ पुन्हा खेळलो. पडद्यावर एका बाजूला वरून पाहिलेला होलचा नकाशा, दुसऱ्या बाजूला मिशीवाला गुटगुटीत गोल्फर. पुढे लोक त्याला मारिओच म्हणू लागले. खाली एक आडवी पट्टी. बटण एकदा दाबलं की काठी मागे जाऊ लागते आणि पट्टीवर खूण सरकते. दुसऱ्यांदा दाबलं की जोर ठरतो. खूण परत येते, आणि ठरलेल्या रेषेवर तिसऱ्यांदा दाबायचं. किंचित लवकर किंवा किंचित उशीर झाला, की चेंडू डावी-उजवीकडे झाडीत. तीन वेळा बटण, बाकी काही नाही.

आमच्यातल्या ज्यांनी लहानपणी विटीदांडू खेळला त्यांना हे पटकन कळेल. विटी आधी उडवायची आणि हवेत असतानाच टोला हाणायचा. ताकदीपेक्षा क्षण महत्त्वाचा. 'गोल्फ'नं नेमकं हेच केलं. खऱ्या गोल्फमध्ये खांदे, कंबर, मनगट यांचं जे कसब असतं, ते बोटाच्या वेळेत आणून ठेवलं. म्हणून सात वर्षांचं पोर आणि पन्नाशीचा बाप बरोबरीनं खेळू शकत होते, आणि बापाला खऱ्या गोल्फचं ज्ञान क्लब निवडताना उपयोगी पडत होतं. ही तीन दाबांची रीत पुढे गोल्फच्या खेळांची जणू व्याकरणच झाली. सोनीच्या प्लेस्टेशनवर १९९७ मध्ये आलेलं 'मिन्ना नो गोल्फ' असो की १९९९ मधलं 'मारिओ गोल्फ', पट्टी तीच, तीन दाब तेच. आम्हाला तर पहिल्या पाच होलांतच घाम फुटला. गेम जुना असला तरी सोपा नाही.

जपानमध्ये 'गोल्फ'च्या २० लाखांहून अधिक प्रती खपल्या. फॅमिकॉमच्या सर्वाधिक खपलेल्या खेळांत त्याची गणना होते. ऑक्टोबर १९८५ मध्ये निन्टेंडोनं अमेरिकेत आपला संच न्यूयॉर्कला पहिल्यांदा विकायला काढला, तेव्हाच्या खेळांतही 'गोल्फ' होतं. १९८७ मध्ये याच घराण्यातले आणखी दोन खेळ डिस्कवर आले, एक जपानी मैदानाचा, दुसरा अमेरिकन मैदानाचा. त्यांची गंमत वेगळी होती. खेळून झाल्यावर डिस्क दुकानात न्यायची, तिथल्या यंत्रात घालायची, आणि आपले गुण फोनच्या तारेवरून कंपनीकडे जायचे. देशभराची स्पर्धा. अमेरिकन मैदानाच्या स्पर्धेत सोनेरी रंगाची 'पंच-आउट' कार्ट्रिजं बक्षीस दिली, १०,००० जणांना. इंटरनेट घरोघरी यायच्या कितीतरी आधीची ही गोष्ट आहे.

आपल्याकडे काय? मूळ फॅमिकॉम आपल्याकडे फार थोड्यांनी पाहिला. पण नव्वदच्या दशकात त्याच्या नकला आल्या. गावच्या बाजारात, मुंबई-पुण्याच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या गल्ल्यांत मिळायच्या. आपण त्यांना नुसतं 'व्हिडिओ गेम' म्हणायचो आणि कार्ट्रिजला 'कॅसेट'. चालली नाही की फुंकर मारायची. कॅसेटवर लिहिलेलं असायचं '९९९९ इन १', आणि आत तेच दहा-वीस खेळ फिरून फिरून. त्या कॅसेटींत १९८३-८४ सालचेच खेळ का असायचे, याचं उत्तर मघाच्या हिशेबात आहे. हे सुरुवातीचे खेळ आकारानं लहान आणि कुठलीही जादा चिप न लागणारे. त्यामुळे ते एका कॅसेटीत रचून भरणं नक्कल करणाऱ्यांना सोपं गेलं. ज्या टंचाईशी झगडून ते लिहिले गेले, तिच्यामुळेच ते दहा वर्षांनी आपल्या घरांत पोचले. अर्थात मूळ कर्त्यांना त्यातून काही मिळालं नाही, आणि आपल्यालाही त्यांची नावं कळली नाहीत.

आता नावांचा मुद्दा. 'गोल्फ' सुरू करा, अठरा होल खेळा, कुठेही 'प्रोग्राम: सातोरू इवाता' असं दिसणार नाही. त्या काळी पडद्यावर कर्त्यांची नावं देण्याचा रिवाज रुळलेला नव्हता. जागाही नव्हती म्हणा! नावाला लागणारे बाइटसुद्धा मोजावे लागत. इवातानं त्याच सुमारास 'पिनबॉल' केलं, पुढे 'बलून फाइट' केलं. १९९३ मध्ये हॅल दीड अब्ज येनांच्या आसपासच्या कर्जात बुडालेली असताना तो तिचा अध्यक्ष झाला आणि काही वर्षांत कर्ज फेडलं. २००२ मध्ये तो थेट निन्टेंडोचा अध्यक्ष झाला. कंपनी चालवणाऱ्या यामाउची घराण्याबाहेरचा पहिला. त्याच्याच कारकिर्दीत २००६ मध्ये 'वी स्पोर्ट्स' आलं. हातातलं यंत्र खरोखर काठीसारखं फिरवायचं. ते ८ कोटींहून अधिक घरांत गेलं. त्यातले गोल्फचे होल कुठले? १९८४च्या त्याच 'गोल्फ'मधले, नव्यानं उभे केलेले. म्हणजे बाविशी उलटली तरी ती मैदानं मिटली नव्हती.

११ जुलै २०१५ रोजी इवाता गेले. वय ५५. मघापासून आम्ही त्यांना एकेरीत बोलत होतो, कारण गोष्ट एका पोराची होती. इथून पुढे तसं बोलवत नाही.

मार्च २०१७ मध्ये निन्टेंडोचं 'स्विच' हे नवं यंत्र आलं. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये, यंत्राच्या आतली रचना तपासणाऱ्या काही हौशी मंडळींना त्यात एक वस्तू सापडली. तिचं नाव होतं 'फ्लॉग'. इंग्रजीत 'गोल्फ' उलटं लिहा, फ्लॉग होतं. प्रत्येक स्विचमध्ये १९८४चं 'गोल्फ' जसंच्या तसं लपवून ठेवलेलं होतं. जाहिरातीत उल्लेख नाही, यादीत नाव नाही. ते उघडायची रीत अशी: यंत्राच्या आतल्या घड्याळात ११ जुलै ही तारीख हवी, आणि दोन्ही हातांत नियंत्रक घेऊन दोन्ही हात एका विशिष्ट पद्धतीनं पुढे आणायचे. ती पद्धत इवातांची होती. २०११ पासून कंपनी आपल्या घोषणा थेट चित्रफितींतून करू लागली होती, आणि त्यांत इवाता 'थेट तुमच्यापर्यंत' असं म्हणताना दोन्ही हात तसे पुढे करायचे. म्हणजे त्यांच्या स्मृतिदिनी, त्यांची खूण करणाऱ्यालाच, त्यांनी एकट्यानं लिहिलेला खेळ दिसणार. जपानी लोक देवळातून ओमामोरी नावाची रक्षणाची पुरचुंडी आणतात, ती उघडून बघत नाहीत, नुसती जवळ ठेवतात. हे सापडल्यावर जपानमधल्या अनेकांना तीच आठवण झाली.

पण इतिहास इथे थांबत नाही. पुढच्या काही महिन्यांतच यंत्राच्या प्रणालीचं नवीन अद्ययावतीकरण आलं आणि त्यात तो खेळ काढून टाकलेला होता. ज्यांनी जुनी प्रणाली तशीच ठेवली त्यांच्याकडेच तो राहिला.

याचं वाईट वाटून घ्यावं का, यावर आमच्यातच दोन मतं आहेत. एक मत असं, की स्मारक उभं केलं तर ते टिकवायला हवं होतं. दुसरं मत असं, की ते लोकांसाठी स्मारक नव्हतंच. सहकाऱ्यांनी आपल्या माणसासाठी ठेवलेली ती वस्तू होती, जगानं ती उघडल्यावर तिचं काम संपलं. इतिहास सांगणाऱ्यांना मात्र दोन्हीकडून एकच धडा मिळतो. दगडावर कोरलेलं शतकानुशतकं राहतं, यंत्रातलं एका रात्रीत निघून जातं, आणि ते गेलं हेही कोणी नोंदवलं तरच कळतं. आपल्याकडच्या सुरुवातीच्या मराठी सॉफ्टवेअरची, पहिल्या टंकांची, गल्लोगल्लीच्या त्या व्हिडिओ गेम दुकानांची नोंद कोण करतंय? त्या कामांमागची माणसं अजून आपल्यात आहेत, विचारलं तर सांगतील.

म्हणून आजचं एक काम सुचवतो. घरी माळ्यावर जुनी कॅसेट सापडली तर भंगारात टाकण्याआधी तिचा फोटो काढा. कुठून घेतली, किती रुपयांना, कोण कोण खेळायचं, हे चार ओळींत लिहून ठेवा. आणि ज्यांनी संगणकावर मराठीत काही बनवलं अशी व्यक्ती ओळखीत असेल, तर तिचं नाव त्या कामाशेजारी लिहा. इवातांना निदान एकदा, लपून का होईना, त्यांच्या खेळाशेजारी जागा मिळाली. आपल्या माणसांना ती उघडपणे देता येईल.

आज इथेच थांबू. तुमचे प्रश्न आणि तुमच्या कॅसेटींच्या आठवणी दोन्ही ऐकायला आम्हाला आवडतील.